कराची ते जुहू : सव्वासात तासांचे अंतर
पालघर-बोईसरच्या आकाशातून भारतीय हवाई वाहतुकीची पहिली रेषा ओढणाऱ्या जेआरडी टाटांची जीवनकहाणी

पालघर तालुक्याच्या किनाऱ्यावर दांडी हे मच्छीमारांचे गाव वसले आहे. मिठाच्या सत्याग्रहाने जगाच्या इतिहासात गेलेले दांडी ते हे नव्हे. ते गुजरातेत, नवसारीजवळ. नाव मात्र एक, आणि योगायोगाने आकाशातली एक वाटही एकच. अहमदाबादपासून मुंबईच्या जुहू विमानतळापर्यंत नकाशावर सरळ रेषा ओढली, तर ती खंभातच्या आखाताच्या कडेने उतरते, गुजरातेतल्या दांडीजवळून जाते, संजाण आणि डहाणूचा किनारा गाठते आणि बोईसर-पालघरच्या माथ्यावरून, पालघरच्या दांडीला उजव्या हाताशी ठेवून मुंबईत शिरते. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी दुपारी एक इवलेसे, एकाच इंजिनाचे विमान याच दिशेने दक्षिणेकडे निघाले होते. विमानात प्रवासी नव्हते. होती ती टपालाची पिशवी, वजन अवघे २५ किलो. चालवणारा वैमानिक २८ वर्षांचा होता आणि त्याचे नाव होते जहांगीर रतनजी दादाभाई टाटा.

भारतीय नागरी हवाई वाहतुकीचा इतिहास त्या दिवसापासून मोजला जातो. या देशातील दोन दूरच्या गावांमधले अंतर मैलांऐवजी तासांत मोजण्याची सवय ज्यांनी लावली, त्यांत जेआरडींचे नाव पहिले येते. त्या सवयीसाठी त्यांनी काय पणाला लावले आणि त्यांच्या हातून काय हिरावले गेले, याची कहाणी उद्योगपतीच्या यशोगाथेपेक्षा अधिक विलक्षण आहे.

पॅरिसचा जन्म, नवसारीचे मूळ

जेआरडींचा जन्म २९ जुलै १९०४ रोजी पॅरिस येथे झाला. वडील रतनजी दादाभाई टाटा हे टाटा उद्योगसमूहाचे संस्थापक जमशेटजी टाटा यांचे नातलग आणि सहकारी. मूळ घराणे नवसारीचे. आई सुझान ब्रिएर ही फ्रेंच. विवाहानंतर तिने सूनी हे पारशी नाव स्वीकारले. पाच भावंडांत जहांगीर दुसरा. त्याचे बालपण पॅरिस, मुंबई आणि जपानमधील योकोहामा अशा तीन ठिकाणी विखुरले गेले. सतत बदलणाऱ्या गावांमुळे आणि भाषांमुळे शिक्षणात सलगता राहिली नाही, परंतु लांबचा प्रवास हा त्याच्या घराचाच भाग होऊन बसला.

उत्तर फ्रान्समधील आर्देलो या समुद्रकाठच्या गावी टाटा कुटुंब उन्हाळ्यात राहावयास जाई. तेथेच लुई ब्लेरिओ यांचेही घर होते. २५ जुलै १९०९ रोजी इंग्लिश खाडी विमानाने प्रथम ओलांडणारे हेच ब्लेरिओ. आर्देलोच्या वाळूवर विमाने उतरत आणि लहानगा जहांगीर ती डोळे भरून पाहत असे. वयाच्या पंधराव्या वर्षी त्याला तेथेच विमानातून फेरी मारावयास मिळाली आणि वैमानिक व्हावयाचे हे त्याने मनोमन ठरवून टाकले.

नियतीने मात्र आधी जबाबदाऱ्या पुढ्यात टाकल्या. १९२३ मध्ये आईचे निधन झाले. फ्रेंच नागरिक असल्याने जहांगीरला त्या देशाच्या सैन्यात एक वर्ष सक्तीची सेवा करावी लागली. त्यानंतर केंब्रिजला जाऊन अभियांत्रिकी शिकण्याची त्याची इच्छा होती. परंतु वडिलांनी मुंबईस बोलावून घेतले आणि डिसेंबर १९२५ मध्ये तो टाटा कंपनीत बिनपगारी उमेदवार म्हणून रुजू झाला. पुढच्याच वर्षी वडीलही गेले. वयाच्या बाविसाव्या वर्षी घराचा भार त्याच्या खांद्यावर आला. पदवी न मिळाल्याची खंत जेआरडींना आयुष्यभर वाटत राहिली आणि ती उणीव भरून काढण्यासाठी ते अखेरपर्यंत वाचत राहिले.

परवाना क्रमांक एक

मुंबईत जुहू येथे फ्लाइंग क्लब सुरू होताच जेआरडी तेथे दाखल झाले. १० फेब्रुवारी १९२९ रोजी त्यांना वैमानिकाचा परवाना मिळाला. भारतात देण्यात आलेला तो पहिला परवाना. त्यावर क्रमांक होता एक. त्याच वर्षी त्यांनी फ्रेंच नागरिकत्वाचा त्याग केला.

आगाखान यांनी पारितोषिक जाहीर केले. इंग्लंड ते भारत हा प्रवास, कोणत्याही दिशेने, एकट्याने विमान चालवून पार पाडणाऱ्या पहिल्या भारतीयास पाचशे पौंड मिळणार होते. जेआरडी ३ मे १९३० रोजी कराचीहून लंडनकडे निघाले. अस्पी इंजिनीअर हा सतरा वर्षांचा तरुण उलट दिशेने येत होता. इजिप्तमध्ये अबुकीर येथे दोघांची गाठ पडली. अस्पीचे विमान स्पार्क प्लगच्या अभावी खोळंबले होते. जेआरडींनी आपल्याजवळचे जादा प्लग त्याला देऊन टाकले. अस्पी आधी कराचीस पोहोचला आणि पारितोषिक त्याने जिंकले. पुढे हेच अस्पी इंजिनीअर १९६० मध्ये भारतीय हवाई दलाचे प्रमुख झाले. शर्यत गमावून जेआरडींनी काय कमावले, हे त्यावरून कळते. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये थेल्मा विकाजी यांच्याशी त्यांचा विवाह झाला.

तीन वर्षांची प्रतीक्षा

लंडनहून निघालेली इम्पीरियल एअरवेजची विमाने १९२९ पासून कराचीपर्यंत टपाल आणू लागली होती. परंतु कराचीनंतर त्या पत्रांच्या नशिबी पुन्हा आगगाडी किंवा आगबोट असे. आकाशमार्गाने हजारो मैल तोडून आलेले पत्र मुंबई-मद्रासकडे मात्र जुन्याच चालीने सरकत असे. या विसंगतीवर नेव्हिल विन्सेंट या ब्रिटिश हवाई दलातून निवृत्त झालेल्या वैमानिकाने नेमके बोट ठेवले. कराचीपासून अहमदाबाद, मुंबई, बेल्लारी या मार्गाने मद्रासपर्यंत टपाल हवाईमार्गे न्यावे, अशी योजना घेऊन ते टाटांकडे आले.

जेआरडी तेव्हा कंपनीत तरुण होते. अंतिम शब्द अध्यक्ष सर दोराबजी टाटा यांचा. दोराबजी या धाडसास फारसे अनुकूल नव्हते. जेआरडींचे मार्गदर्शक जॉन पीटरसन यांनी रदबदली केली आणि सुमारे दोन लाख रुपयांच्या गुंतवणुकीस संमती मिळाली. सरकारदरबारी मात्र फायली हलेनात. अनुदानाची मागणी नाकारण्यात आली. अखेर अनुदानाविना, केवळ वाहिलेल्या टपालाच्या वजनावर मोबदला घेऊन सेवा चालविण्याची तयारी टाटांनी दाखविली, तेव्हा कोठे १९३२ मध्ये दहा वर्षांचा करार झाला. तोट्याची हमी सरकारची नव्हती, ती टाटांच्या गाठीची. ज्यांच्या संमतीने हे सारे सुरू झाले, ते दोराबजी पहिले उड्डाण पाहावयास राहिले नाहीत. त्याच वर्षी जूनमध्ये त्यांचे निधन झाले.

तो दिवस

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी सकाळी ६ वाजून ३५ मिनिटांनी जेआरडींचे 'पुस मॉथ' विमान कराचीच्या ड्रिग रोड तळावरून उडाले. विमानात रेडिओ नव्हता, जमिनीवरून दिशा दाखविणारी यंत्रणा नव्हती. होकायंत्र, नकाशा, घड्याळ आणि वैमानिकाचे डोळे एवढीच सामग्री. अहमदाबादला उतरल्यावर बर्मा-शेल कंपनीचे पेट्रोल चार-चार गॅलनच्या डब्यांतून बैलगाडीने आणले गेले आणि ते विमानात ओतण्यात आले. विसाव्या शतकातल्या सर्वांत वेगवान वाहनाला इंधन पुरविले ते सर्वांत संथ वाहनाने. दुपारी १ वाजून ५० मिनिटांनी जेआरडी जुहूला उतरले. तेथून मद्रासचे टपाल घेऊन नेव्हिल विन्सेंट बेल्लारीमार्गे पुढे गेले.

या प्रवासाचा हिशेब आजही मांडून पाहण्याजोगा आहे. कराची ते अहमदाबाद हे सरळ रेषेतील अंतर सुमारे ५९० किलोमीटर आणि अहमदाबाद ते जुहू सुमारे ४४०. एकूण १,०३० किलोमीटरच्या आसपास. पुस मॉथचा वेग ताशी शंभर मैल, म्हणजे १६० किलोमीटर. या वेगाने पहिल्या टप्प्यास पावणेचार तासांच्या आत-बाहेर, तर दुसऱ्यास पावणेतीन तास लागतात. साडेसहा तास हवेत आणि पाऊण तास अहमदाबादच्या धावपट्टीवर : बेरीज बरोबर सव्वासात तासांची येते. याचा अर्थ, वैमानिकाने वाट चुकविली नाही आणि वेळही वाया दवडली नाही.

दुसऱ्या टप्प्यातील हा किनारा जेआरडींच्या घराण्यास परका नव्हता. त्यांच्या पूर्वजांचे नवसारी, पारशांनी भारतात प्रथम पाय ठेवला असे मानले जाते ते संजाण, पारशी-इराणी बागायतदारांच्या चिकूच्या वाड्यांचा डहाणू-घोलवड परिसर, आणि मग बोईसर, पालघर, वसई : पूर्वजांनी शतकानुशतके घालविली ती भूमी या रेषेखाली तासाभरात सरकून गेली.

चिखलातला विमानतळ

जुहूचा तो तळ म्हणजे समुद्राकाठचे एक सपाट मैदान. माडाच्या झावळ्यांनी शाकारलेली शेड हेच टाटांच्या हवाई टपालसेवेचे मुख्यालय. पावसाळ्यात मैदान पाण्याखाली जाई. मग विमानांसह सारा संसार पुण्यास हलवावा लागे. दोन छोटी विमाने आणि बोटांवर मोजण्याइतकी माणसे यांच्या बळावर सेवा चालली. क्वचित एखादा प्रवासी आलाच, तर तो टपालाच्या पिशव्यांच्या सोबतीने बसे.

अशा अवस्थेतही पहिल्या वर्षात १ लाख ६० हजार मैलांचे उड्डाण झाले, १५५ प्रवाशांनी प्रवास केला आणि कंपनीस ६० हजार रुपयांचा नफा झाला. त्याहून मोलाची गोष्ट म्हणजे वक्तशीरपणा. पहिल्या वर्षी टपाल शंभर टक्के वेळेवर पोहोचले, याची नोंद सरकारच्या नागरी हवाई खात्याने घेतली. घाटमाथ्यावरचे ढग, पश्चिम किनाऱ्यावरचा पाऊस आणि दळणवळणाच्या साधनांचा अभाव लक्षात घेता ही किरकोळ गोष्ट नव्हती. जेआरडींच्या लेखी वेळापत्रक हे ग्राहकाला दिलेले वचन होते.

१९३५ मध्ये मुंबईहून गोवा, कण्णूरमार्गे त्रिवेंद्रमपर्यंत विमान जाऊ लागले. १९३७ च्या नोव्हेंबरात इंदूर, भोपाळ, ग्वाल्हेरमार्गे दिल्ली जोडली गेली. मोठी शहरे नव्हेत, तर मधली गावे विमानाच्या नकाशावर येऊ लागली, हे या विस्ताराचे वैशिष्ट्य. जुलै १९३८ मध्ये, वयाच्या चौतिसाव्या वर्षी, जेआरडी टाटा सन्सचे अध्यक्ष झाले. पोलाद, वीज, कापड असा अवाढव्य पसारा हाती आला, तरी त्यांचे मन आकाशातच रमे. ज्यांच्या कल्पनेतून हे सारे उभे राहिले ते नेव्हिल विन्सेंट १९४२ मध्ये, महायुद्धाच्या धामधुमीत, विमानासह बेपत्ता झाले. हा आघात जेआरडींना मोठा होता.

मतभेद आणि राष्ट्रीयीकरण

२९ जुलै १९४६ रोजी टाटा एअरलाइन्सचे एअर-इंडिया या सार्वजनिक मर्यादित कंपनीत रूपांतर झाले. स्वातंत्र्यानंतर जेआरडींनी सरकारपुढे आंतरराष्ट्रीय सेवेचा प्रस्ताव ठेवला आणि ८ जून १९४८ रोजी 'मलबार प्रिन्सेस' हे विमान मुंबईहून कैरो, जिनिव्हामार्गे लंडनकडे झेपावले. स्वतंत्र झाल्यास वर्षही न झालेला देश स्वतःच्या विमानाने युरोपात पोहोचला.

देशांतर्गत पातळीवर मात्र परिस्थिती बिघडत होती. महायुद्धानंतर स्वस्तात मिळालेल्या विमानांच्या जोरावर अनेक कंपन्या उभ्या राहिल्या आणि तोट्यात रुतल्या. जानेवारी १९४९ मध्ये रात्रीच्या हवाई टपालाची योजना सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास येथून रात्री निघालेली विमाने मध्यरात्री नागपुरात एकत्र येत, टपालाची अदलाबदल होई आणि पहाटेपर्यंत ती आपापल्या गावी परतत. देशाच्या मध्यभागी असण्याचे नागपूरचे भाग्य तेव्हा टपालखात्याच्या कामी आले. या योजनेस जेआरडींनी विरोध केला होता. रात्री विमान उतरविण्यासाठी आवश्यक असलेली दिव्यांची आणि मार्गदर्शनाची सोय पुरेशी नाही, असा त्यांचा आक्षेप होता. दळणवळणमंत्री रफी अहमद किडवई यांच्याशी त्यांचा यावरून जाहीर वाद झाला. योजना मात्र रुजली आणि दोन दशकांहून अधिक काळ चालली. जेआरडींचा प्रत्येक अंदाज खरा ठरला असे नाही. पण प्रवाशाच्या आणि वैमानिकाच्या सुरक्षिततेची किंमत मोजूनच वेग मिळवावा, हे त्यांना कधीही मान्य झाले नाही.

१ ऑगस्ट १९५३ रोजी हवाई वाहतुकीचे राष्ट्रीयीकरण झाले. निर्णय घेताना आपल्याशी पुरेशी चर्चा झाली नाही, याचे जेआरडींना तीव्र दुःख झाले. एकवीस वर्षे वाढविलेली संस्था एका कायद्याने हातातून गेली होती. पंडित नेहरूंनी त्यांना एअर-इंडिया इंटरनॅशनलचे अध्यक्षपद स्वीकारण्याची विनंती केली. अपमान गिळून दूर व्हावे, की परक्या झालेल्या आपल्याच संस्थेची विनामोबदला सेवा करावी, असा तो पेच होता. जेआरडींनी दुसरा मार्ग पत्करला आणि पुढील पंचवीस वर्षे तो निभावला.

या काळात ते विमानातून प्रवास करीत तेव्हा वही जवळ बाळगत. पडद्यांचा रंग, कॉफीची चव, खुर्चीची पाठ, स्वच्छतागृहातील अस्वच्छता असे काहीही त्यांच्या नजरेतून सुटत नसे आणि परतल्यावर संबंधितांच्या टेबलावर टिपणे येऊन पडत. १९६० मध्ये बोईंग ७०७ विमाने ताफ्यात आली आणि एअर-इंडिया जेट युगात दाखल झाली.

तारापूरशी जडलेले नाते

पालघरच्या या पट्ट्याशी जेआरडींचे नाते केवळ आकाशातले नाही. होमी भाभा या तरुण शास्त्रज्ञाने मूलभूत संशोधनासाठी संस्था काढण्याचा प्रस्ताव मांडला, तेव्हा जेआरडींनी त्यास पाठबळ दिले आणि दोराबजी टाटा विश्वस्त निधीच्या साहाय्याने १९४५ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्था स्थापन झाली. भारताच्या अणुकार्यक्रमाचा पाळणा तिथेच हलला आणि त्याचे पहिले फळ दांडीपासून जवळच, तारापूरच्या किनाऱ्यावर दिसले. २८ ऑक्टोबर १९६९ रोजी तारापूर अणुवीज केंद्रातून व्यापारी तत्त्वावर वीजनिर्मिती सुरू झाली.

ते पाहावयास भाभा नव्हते. २४ जानेवारी १९६६ रोजी एअर-इंडियाचे 'कांचनगंगा' हे बोईंग विमान आल्प्समधील माँ ब्लाँ शिखरावर आदळले आणि विमानातील सर्व ११७ जण मृत्युमुखी पडले. त्यांत होमी भाभा होते. ज्या संस्थेचे जेआरडी अध्यक्ष, तिच्याच विमानात त्यांचा स्नेही गेला. पंधरा वर्षांपूर्वी, १९५० मध्ये 'मलबार प्रिन्सेस'चाही अंत त्याच पर्वतावर झाला होता. अंतर कमी करणाऱ्या यंत्राने घेतलेली ही किंमत जेआरडींनी जवळून पाहिली.

पदच्युती आणि पुन्हा एकदा कराची

१ जानेवारी १९७८ रोजी मुंबईहून निघालेले 'सम्राट अशोक' हे जम्बो जेट वांद्र्याजवळ समुद्रात कोसळले. २१३ जणांचे प्राण गेले. बरोबर एक महिन्यानंतर, १ फेब्रुवारीस, मोरारजी देसाई यांच्या सरकारने जेआरडींना अध्यक्षपदावरून दूर केले. सरकारी पत्र हाती पडण्याआधीच ही बातमी त्यांच्यापर्यंत पोहोचली होती. जवळपास अर्धशतकाच्या संबंधाचा हा निरोप देशातील अनेकांना जिव्हारी लागला. १९८० मध्ये इंदिरा गांधींच्या सरकारने त्यांना संचालक मंडळावर परत घेतले. अध्यक्षपद मात्र परत आले नाही.

जेआरडींनी याला उत्तर दिले ते आपल्या पद्धतीने. १५ ऑक्टोबर १९८२ रोजी, पहिल्या उड्डाणास पन्नास वर्षे पूर्ण झाली त्या दिवशी, वयाच्या ७८ व्या वर्षी त्यांनी जुन्या 'लेपर्ड मॉथ' विमानातून कराची ते मुंबई हा प्रवास पुन्हा एकट्याने केला. अहमदाबादला तसाच थांबा, जुहूला तसेच आगमन. मधल्या काळात कराची परदेशात गेली होती. वैमानिक तोच होता.

१९९२ मध्ये जेआरडींना भारतरत्न देण्यात आले. २९ नोव्हेंबर १९९३ रोजी जिनिव्हा येथे त्यांचे निधन झाले. जन्म झाला त्या पॅरिसमध्येच, पेर लाशेझ दफनभूमीत, त्यांना मूठमाती देण्यात आली. सरकारजमा झालेली एअर इंडिया २७ जानेवारी २०२२ रोजी, ६९ वर्षांनी, टाटा समूहाकडे परतली. तो दिवस पाहण्याचे भाग्य संस्थापकाच्या वाट्यास आले नाही.

अंतर कशाने मोजायचे?

पुस मॉथला पावणेतीन तास लागले त्या अहमदाबाद-मुंबई अंतरास आजच्या जेट विमानाच्या वेळापत्रकात सव्वा तासाच्या आसपास वेळ दिलेला असतो. त्यातही प्रत्यक्ष वेगाने उडण्याचा भाग थोडा. बाकीचा वेळ धावपट्टीकडे जाण्यात, वर चढण्यात आणि मुंबईच्या गजबजलेल्या आकाशात आपली पाळी येण्याची वाट पाहण्यात जातो. वाढवण येथे उभे राहणारे बंदर आणि त्यालगत प्रस्तावित असलेला विमानतळ यांमुळे पालघर जिल्ह्याच्या डोक्यावरून जाणारे विमान उद्या येथे उतरेलही. तेव्हा किनाऱ्यावरच्या मच्छीमारांना आपल्या समुद्राचे काय होणार, हा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. दोन टोके जोडणारी रेषा मधल्या गावांना काय देते, हे त्या गावांनी विचारायलाच हवे.

जेआरडींच्या मूळ मार्गाची गोष्ट मात्र उलट घडली. कराची आणि मुंबई यांच्यातील सरळ अंतर सुमारे ८७० किलोमीटर. जेट विमानाला दीड तासही पुरावा. परंतु दोन्ही शहरांमधील थेट विमानसेवा आधीच बंद पडली होती आणि एप्रिल २०२५ मध्ये भारत व पाकिस्तानने एकमेकांच्या विमानांना आपले आकाशही बंद केले. अशा वेळी मुंबईहून कराचीस जाणाऱ्याला दुबईमार्गे तीन हजार किलोमीटरांहून अधिक वळसा पडतो. तीन तासांचे एक उड्डाण, दोन तासांचे दुसरे आणि मधली प्रतीक्षा धरली, तर हा प्रवास सात तासांत आटोपला तरी नशीब म्हणावे. एका तरुणाने बैलगाडीवरच्या पेट्रोलवर १९३२ मध्ये हे अंतर सव्वासात तासांत कापले होते.